चालत्या यंत्राला कान लावा

दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचे सगळे काउंटर एकदम अडायचे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी. कॅशियरनं एंट्री मारली की पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहायचं. मंठ्याकडून पहिल्या एसटीनं आलेली बाई पासबुक हातात धरून उभी, तिच्यामागे बी-बियाण्याचे पैसे काढायला आलेले दहा-बारा जण, आणि आतून आवाज यायचा, "सर्व्हर डाऊन झालाय, थांबा जरा." एक मुलगा आतल्या खोलीत जाऊन सर्व्हरचं बटण दाबून धरायचा. मशीन बंद व्हायचं, परत चालू व्हायचं, दहा मिनिटांत रांग हलायला लागायची. सहा महिने हे असंच चाललं. मला बोलावलं तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "भाऊ, रिस्टार्ट केलं की होतंय नीट. तेवढं आपोआप व्हावं असं काही करून द्या."

मी जालन्यात सर्व्हर आणि नेटवर्कची कामं करतो, सतरा वर्षं झाली. दुकानं, दवाखाने, पतसंस्था, जिनिंग, सगळीकडे हीच मागणी ऐकतो. त्या दिवशी मी नाही म्हणालो. का म्हणालो, ते सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जालन्याच्या एमआयडीसीत रि-रोलिंग मिलमध्ये फिटर होते. जालन्याच्या सळ्या महाराष्ट्रभर जातात. त्या ज्या यंत्रांतून निघतात त्यांची कुरकुर अण्णांना कळायची. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक पेचकस होता. मिल चालू असताना ते त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गोळी झिजली असेल तर वेगळा आवाज, ग्रीस आटलं असेल तर वेगळा. एकदा सुपरवायझर म्हणाला, बंद करून खोला की. अण्णा म्हणाले, "बंद केलं की आवाज मेला. मग खोलून काय बघायचं?"

पतसंस्थेतला तो मुलगा बटण दाबायचा तेव्हा नेमका हाच आवाज मरत होता. संगणक बंद केला की मेमरीत जे होतं ते पुसलं जातं. कोणता प्रोग्राम अडला होता, कशाची वाट बघत होता, कुणी अडवलं होतं, काही उरत नाही. पुरावा आपणच धुऊन टाकतो आणि वर म्हणतो, कारण सापडत नाही.

त्या सर्व्हरवर लिनक्स होतं. लिनक्सच्या मधोमध जो मुख्य प्रोग्राम असतो त्याला कर्नेल म्हणतात. डिस्क, मेमरी, नेटवर्क यांना हात लावायचा तर प्रत्येक प्रोग्रामला त्याच्याच दारातून जावं लागतं. त्याचा कोड आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे, आणि तो चालू असताना त्याच्या आत बघण्याची सोय त्याच्यातच आहे. बहुतेक लिनक्समध्ये ती आयती चालू असते. तिचं नाव केप्रोब्स.

तिची युक्ती सोपी आहे. प्रोसेसर एकेक सूचना वाचत पुढे जात असतो. आपल्याला जिथं कान लावायचा आहे तिथल्या सूचनेची प्रत बाजूला ठेवायची आणि तिचा पहिला बाइट काढून त्या जागी 'इथं थांब' सांगणारा एक बाइट बसवायचा. इंटेलच्या प्रोसेसरवर तो षोडशमान पद्धतीत 'सीसी' असा लिहितात. प्रोसेसर तिथं पोचला की क्षणभर वाट बदलतो, कोण आलं, काय घेऊन आलं, किती वाजता आलं हे टिपलं जातं, बाजूला ठेवलेली मूळ सूचना चालते आणि गाडी पुढे निघते. या सगळ्याला एका मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. रांगेतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. काम झालं की मूळ बाइट जागच्या जागी. यंत्र एकदाही बंद होत नाही.

मी दोन दिवस सकाळपासून त्या आतल्या खोलीत बसलो. दुसऱ्या दिवशी बारा पस्तीसला काउंटर अडले. मुलगा बटणाकडे निघाला, मी त्याला थांबवलं. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला होता, तरी डेटाबेसचे सगळे प्रोग्राम डिस्कच्या नावानं वाट बघत होते. ते कर्नेलच्या कोणत्या फंक्शनमध्ये उभे आहेत ते पाहिलं. त्या फंक्शनच्या नावातच 'डर्टी पेजेस' हे शब्द होते. तिथं प्रोब लावला. सात मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. कॅशियरच्या एंट्र्या तिथं येऊन वीस-वीस सेकंद थांबत होत्या, आणि त्याच दारातून एक साधी कॉपी करण्याची आज्ञा ढीगच्या ढीग माल आत लोटत होती. माल चालला होता एका पेन ड्राइव्हवर.

आपण फाईल सेव्ह करतो तेव्हा लिनक्स ती लगेच डिस्कवर लिहीत नाही. आधी मेमरीत ठेवतं, मग सवडीनं खाली उतरवतं. अजून न उतरलेल्या मालाला 'डर्टी पेजेस' म्हणतात. हौदात पाणी साठवून तोटीनं सोडावं तसं. हौदाला मर्यादा असते. नेहमीच्या मांडणीत ती वापरता येण्याजोग्या मेमरीच्या २० टक्के. पेन ड्राइव्ह म्हणजे फार बारीक तोटी. हौद तिच्या मालानं तुडुंब भरला की जो कोणी लिहायला येईल त्याला कर्नेल थांबवतं. कॅशियरची एंट्री वेगळ्या, वेगवान डिस्कवर जाणार असली तरी हौद एकच, त्यामुळे तीही त्यात अडकते. संस्थेतल्या एका ताईंना सूचना होती की दिवसाआड जेवणाच्या सुट्टीआधी बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन घरी न्यायचा, आग लागली किंवा चोरी झाली तर असावा म्हणून. ताई ते काम मनापासून करत होत्या.

उपाय दहा मिनिटांचा होता. हौदाची मर्यादा कमी केली आणि कॉपीची वेळ संध्याकाळी नेली. पण त्यानंतर जे पाहिलं त्यानं माझे हात गार पडले. ताईंच्या डब्यातले सगळे पेन ड्राइव्ह मी उघडून पाहिले. निम्म्याहून अधिक बॅकअप अर्धवट होते. साहजिकच होतं ते. कॉपी चालू असताना सर्व्हर बंद केला की मेमरीतला माल पेन ड्राइव्हपर्यंत पोचतच नाही. सहा महिने प्रत्येक रिस्टार्टनं एक बॅकअप मारला होता. त्या काळात सर्व्हरची डिस्क गेली असती, तर लोकांच्या ठेवींचा हिशेब कुठून आणला असता? आपोआप रिस्टार्ट होण्याची सोय मी करून दिली असती तर हे कधीच उजेडात आलं नसतं.

एवढी तीक्ष्ण साधनं आपल्याकडे फुकट आहेत, आणि ती बाहेरून आलेली आहेत असं आपण समजतो. लिनक्सचा कोड सगळ्यांना खुला आहे. केप्रोब्सची फाईल उघडून वरच्या ओळी वाचा. ऑक्टोबर २००२, पहिली रचना: वामसी कृष्ण एस. पुढे २००४ मध्ये प्रसन्न एस. पंचमुखी आणि सुपर्णा भट्टाचार्य यांची भर. हे सगळे आयबीएमच्या भारतातल्या चमूतले लोक. मुळात ही कल्पना आयबीएमच्या ओएस/२ या जुन्या प्रणालीतून लिनक्सकडे आली. ऑक्टोबर २००४ मध्ये लिनक्स २.६.९ बरोबर केप्रोब्स मुख्य कर्नेलमध्ये गेलं आणि आज जगभरातल्या सर्व्हरवर आहे.

दुसरी फाईल आपल्या आणखी जवळची आहे. केजीडीबी नावाचं एक डिबगर, म्हणजे दोष शोधण्याचं साधन, आहे. ते कर्नेलला पूर्ण थांबवतं आणि केबलनं जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरून त्याचा एकेक भाग तपासू देतं. नवं ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ते लागतं; चालत्या पतसंस्थेत ते वापरता येणार नाही. त्या फाईलच्या डोक्यावर हक्काच्या नोंदी आहेत. व्हेरिटास ही सॉफ्टवेअर कंपनी, २०००-२००१. मग अमित एस. काळे, २००३-२००४. मग लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज, २००४-२००६. लिनसिससॉफ्ट ही पुण्यातली कंपनी. परदेशातल्या अनेकांची नावंही तिथं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण एका मराठी माणसानं, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं, हे काम मुख्य कर्नेलच्या बाहेर राहून वर्षानुवर्षं जिवंत ठेवलं. जुलै २००८ मध्ये लिनक्स २.६.२६ मध्ये ते आत घेतलं गेलं. आमच्याकडे उमेदवारीला येणाऱ्या एकाही मुलाला अमित काळे हे नाव माहीत नसतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

इतकी वर्षं ते बाहेर का होतं? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नेलमध्ये डिबगर ठेवायला उघड विरोध होता. २००० साली त्यांनी तो रोखठोक मांडला. हातात डिबगर असला की लोक दुखणं समजून न घेता लक्षणावर मलम लावतात, असं त्यांच्या म्हणण्याचं सार. मी त्यांच्याशी निम्मा सहमत आहे. मलम लावणारे मी रोज बघतो, त्यांच्या हातात डिबगर नसतो तरी ते मलमच लावतात. रिस्टार्ट हे त्यातलं सगळ्यात स्वस्त मलम. प्रोबचं मात्र वेगळं आहे. तो लावायचा तर आधी प्रश्न तयार लागतो. कोणत्या फंक्शनवर, काय मोजायला, कुठल्या शंकेपोटी? शंका नसलेल्याला प्रोब काही देत नाही. अण्णासुद्धा पेचकस दिसेल तिथं टेकवत नव्हते.

भीतीचा मुद्दा खरा आहे. चालत्या कर्नेलमध्ये काही घालायचं म्हणजे जोखीम. १९ जुलै २०२४ ला विंडोजच्या कर्नेलमध्ये बसणाऱ्या क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटनं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन कोसळली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले. असा धोका धरूनच, लिनक्समध्ये केप्रोब्सनंतर आलेल्या ईबीपीएफ या सोयीत तुमचा तपासणीचा प्रोग्राम कर्नेलमध्ये शिरण्याआधी वाचला जातो. तो कधी थांबणारच नसेल किंवा नको त्या मेमरीला हात लावत असेल, तर दारातूनच परत पाठवला जातो. केप्रोब्सचा स्वतःचा कोड आणि आणखी काही नाजूक जागा तर प्रोबसाठी बंदच ठेवलेल्या आहेत. जोखीम सांभाळायची रीत ठरलेली आहे. ती शिकायला हवी.

अडचण इथं आहे. माझ्याकडे येणारी मुलं ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात चांगले गुण घेऊन आलेली असतात. पेज रिप्लेसमेंटची गणितं ती कागदावर अचूक सोडवतात, डेडलॉकच्या अटी पाठ म्हणून दाखवतात. त्यांना चालतं मशीन देऊन विचारलं की हा प्रोग्राम आत्ता या क्षणी कशासाठी थांबलाय, तर ती माझ्याकडे बघतात. दोष मुलांचा नाही. त्यांना कुणी कधी चालत्या यंत्राजवळ नेलेलंच नाही. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. दहा वर्षं जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, एक हळू पेन ड्राइव्ह आणि दोन तास पुरतात. मी वर सांगितलेला बिघाड कुठल्याही प्रात्यक्षिकाच्या तासाला मुद्दाम घडवता येतो आणि पकडता येतो. जालना, अंबड, परतूर, कुठल्याही महाविद्यालयानं बोलावलं तर मी स्वतःचे पेन ड्राइव्ह घेऊन येईन. मानधन नको.

रांग उभी असताना कधीकधी रिस्टार्ट करावंच लागतं, हे मी मान्य करतो. म्हाताऱ्या माणसाला तासभर उभं ठेवून तपास करता येत नाही. पण बटण दाबण्याआधी दोन मिनिटं द्या. कोण अडलंय आणि कुठं, एवढं एका फाईलमध्ये उतरवून घ्यायला तेवढा वेळ पुरतो. शेजारी एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय दिसलं, काय केलं, कारण काय निघालं. त्या पतसंस्थेत आता अशी वही आहे. ताई ती लिहितात, आणि त्यांच्या नोंदी माझ्यापेक्षा नीट असतात.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तुम्ही सभासद असाल तर विचारायचा हक्क तुमचा आहे. लाभांशाबद्दल विचाराल, तेव्हा हेही विचारा: वर्षभरात सर्व्हर किती वेळा बंद करून चालू केला, आणि त्यातल्या किती वेळा कारण सापडलं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.