किल्ली घेतली, अनामत कधी देणार?

भाड्याचे घर सोडण्याचा दिवस मोठ्या धांदलीचा असतो. टेम्पो दारात उभा असतो, दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा हिशेब मिटवायचा असतो, मुले नव्या घराच्या कल्पनेने हुरळलेली असतात. अशा वेळी घरमालक येतात, नळ-दिवे तपासतात, किल्ल्या मोजून घेतात आणि सहज म्हणतात, "डिपॉझिटचं बघू, पुढच्या आठवड्यात फोन करा." तो पुढचा आठवडा कित्येकदा चार-चार महिने उजाडत नाही. फोन उचलला जात नाही, हेलपाटे सुरू होतात, आणि स्वतःचेच पैसे मागताना माणसाला याचकासारखे उभे राहावे लागते.

स्वतःचेच पैसे, असे मी मुद्दाम म्हणतो. अनामत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली ठेव. भाडे मालकाचे, अनामत भाडेकरूची. ती मालकाच्या खात्यात असली तरी त्याची कमाई नव्हे. हा साधा फरक आपल्याकडे फार लवकर विसरला जातो. ठेवीचे पैसे मुलीच्या लग्नात, नव्या फ्लॅटच्या हप्त्यात किंवा दुकानात घातले जातात. मग भाडेकरू निघाला की मालक पुढच्या भाडेकरूची वाट पाहतो, कारण त्याच्या अनामतीतूनच आधीच्याचे देणे फेडायचे असते.

घरमालकांची भीती मला समजते. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडी गोठली, भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले, पागडीचा व्यवहार फोफावला. घर एकदा दिले की गेले, ही धास्ती मध्यमवर्गीय मालकाच्या मनात बसली. अकरा महिन्यांचे करार आणि भरघोस अनामत यांच्या मागे हीच धास्ती होती. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि चित्र बरेच बदलले. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जो घर सोडत नाही, त्याला या कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट रक्कम मोजावी लागते. म्हणजे मालकाच्या भीतीवर कायद्याने औषध दिले. मात्र अनामत वेळेत परत न करणाऱ्या मालकासाठी तशी दुपटीची तरतूद या कायद्यात नाही. भाडेकरूने दिवाणी दावा लावावा, वकील गाठावा, तारखा मोजाव्यात. पन्नास हजारांसाठी एवढे कोण करतो? हे मालकांनाही ठाऊक असते.

यातली एक गंमत पाहा. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क आकारताना सरकार परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज गृहीत धरते आणि ते भाड्यात मिळवून शुल्क लावते. म्हणजे तीन लाखांच्या अनामतीवर वर्षाला तीस हजार, महिन्याला अडीच हजार. ठेवीच्या पैशाला मोल आहे, हे सरकारदरबारी मान्य आहे. मग तीच ठेव चार महिने अडकवून ठेवल्याचे दहा हजार भाडेकरूच्या पदरात का पडू नयेत?

कारणे ठरलेली असतात. पहिले कारण रंगाचे. दोन-तीन वर्षांच्या वापराने भिंत मळणारच. ती झीज भाड्यातच आली. फुटलेले बेसिन किंवा मोडलेले दार ही वेगळी गोष्ट. त्याचे पैसे जरूर कापावेत, पण पावती दाखवून. दुसरे कारण, नवा भाडेकरू मिळाला नाही. तो मिळवणे हा मालकाचा व्यवहार आहे. त्याची जोखीम जाणाऱ्याच्या माथी कशासाठी? तिसरे कारण, घर विकले, आता नव्या मालकाकडे मागा. हे तर मुळीच पटणारे नाही. १८८२च्या इझमेंट कायद्यानुसार घर विकत घेणारा जुन्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. म्हणून ज्याने पैसे घेतले त्यानेच ते द्यायचे. मालक वारले असतील, तर त्यांची मिळकत घेणाऱ्या वारसांनी मिळकतीबरोबर हे देणेही स्वीकारायचे.

भाडेकरूंनीही हात झटकू नयेत. विजेचे बिल थकवून जाणे, नोटीस न देता निघून जाणे हे प्रकार होतात. अनामत बुडेल या धास्तीने शेवटच्या दोन महिन्यांचे भाडेच न देण्याची रीतही पडली आहे. एकाच्या अविश्वासाला दुसऱ्याचा अविश्वास उत्तर देतो आणि गरजेच्या वेळी नुकसानीची भरपाई करायला अनामत उरतच नाही.

यावर मार्ग नाहीत असे नाही. केंद्राने २०२१ साली तयार केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे आणि ताबा घेतानाच, रास्त वजावट करून, ती परत करावी असे म्हटले आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने कायदा केल्याशिवाय त्याचा आधार मिळत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर एप्रिल २००७ पासून बहुतेक खासगी भाडेकरूंची अनामत सरकारमान्य योजनेच्या संरक्षणाखाली ठेवण्याचे बंधन घरमालकांवर आले. वाद झाला तर त्या योजनेतच निवाडा मागता येतो.

आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येवो. करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याचे बंधन १९९९च्या कायद्यात आहेच आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. त्याच करारात दोन ओळी वाढवायला कोणाची हरकत असावी? ताब्याच्या दिवशीच अनामत परत मिळेल, ही एक. उशीर झाल्यास ठरावीक दराने व्याज द्यावे लागेल, ही दुसरी. घरात शिरताना भिंती, नळ, पंखे यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात, फोटो काढून ठेवावेत. पैसे रोखीने न देता बँकेमार्फत द्यावेत.

माझ्या पाहण्यातल्या एका कुटुंबाने जुन्या घराची अनामत अडकल्यामुळे नव्या घरासाठी दागिने गहाण टाकले. मालकाच्या लेखी ती थोडी दिरंगाई होती. त्या गृहिणीच्या लेखी नव्हती. म्हणून घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझे सांगणे आहे, की अनामत हाती येताच कराराच्या मुदतीइतकी मुदतठेव करून ती बँकेत बाजूला ठेवावी. व्याज खुशाल घ्यावे, मुद्दलाला हात लावू नये.