चार ओळींचा तक्ता

परीक्षेचा निकाल हाती आला म्हणजे आपल्या घरांतून प्रथम काय पाहिले जाते? गुणांची बेरीज. ती मनाजोगी भरली तर मुलगा हुशार. न भरली तर त्याच्या हातून पुढे काही व्हावयाचे नाही, असा निवाडा त्याच संध्याकाळी होऊन जातो. आकडा खोटे बोलत नाही हे खरे. परंतु तो सर्व काही सांगतो असेही नाही. आकडे कसे वाचावेत, हे समजण्यासाठी आज वाचकांपुढे एका अमेरिकन महाविद्यालयीन खेळाडूचा तक्ता ठेवीत आहोत.

या खेळाडूचे नाव डेव्हॉन्टा स्मिथ. लुईझियाना राज्यातील अमिट नावाच्या लहानशा गावचा हा मुलगा २०१७ साली अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघात दाखल झाला. अमेरिकन फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून अगदी निराळा. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात आणि लांबट चेंडू बहुधा हातांनीच पुढे न्यावयाचा असतो. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू फेकतो. मैदानाच्या कडेकडून धावत जाऊन, पाठलाग करणाऱ्यांना हुलकावणी देऊन तो झेलणारा जो गडी, त्यास वाइड रिसीव्हर म्हणतात. चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोहोचला की टचडाउन होते व सहा गुण मिळतात. स्मिथ हा असा वाइड रिसीव्हर. म्हणून त्याच्या नावापुढे तीन आकडे मांडले जातात : झेल किती, त्यांतून यार्ड किती आणि टचडाउन किती.

त्याच्या चार वर्षांचा तक्ता असा आहे :

२०१७ : ८ झेल, १६० यार्ड, ३ टचडाउन.
२०१८ : ४२ झेल, ६९३ यार्ड, ६ टचडाउन.
२०१९ : ६८ झेल, १,२५६ यार्ड, १४ टचडाउन.
२०२० : ११७ झेल, १,८५६ यार्ड, २३ टचडाउन.
एकूण : २३५ झेल, ३,९६५ यार्ड, ४६ टचडाउन.

आता पहिली ओळ पाहा. संबंध हंगामात अवघे आठ झेल! एवढ्यावरच निकाल देणारा परीक्षक म्हणेल, मुलगा सामान्य आहे. परंतु त्या आठांतील शेवटचा झेल कोठला? ८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटा येथे जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना जादा वेळेत गेला होता. अलाबामा २० विरुद्ध २३ असा मागे होता. पहिल्याच प्रयत्नात संघ सोळा यार्ड मागे रेटला गेला, आणि आता दहाऐवजी सव्वीस यार्डांची मजल मारणे आले. पुढच्याच फेकीवर, स्मिथप्रमाणेच प्रथम वर्षात असलेल्या टुआ टागोवायलोआने ४१ यार्डांवरून चेंडू फेकला. स्मिथने तो झेलला आणि अलाबामाने २६–२३ असा विजय मिळविला. तक्त्यात मात्र हा झेलही इतरांसारखा एकच मोजला गेला.

सरासरीचीही अशीच गंमत आहे. पहिल्या वर्षी दर झेलामागे २० यार्ड पडतात, तर चौथ्या वर्षी १६ यार्डांहून किंचित कमी. मग काय चौथे वर्ष पहिल्याहून हिणकस ठरले? मुळीच नाही. आठ झेलांची सरासरी एखाददुसऱ्या लांब झेलाने फुगते. एकशे सतरा झेलांत ती टिकविणे हे खरे कष्टाचे काम. सरासरी सांगणाऱ्याला 'किती वेळा?' असे अवश्य विचारावे.

दुसरी ओळ याहून बोधप्रद आहे. २०१८ साली त्या संघात जेरी ज्यूडी, हेन्री रग्ज, जेलन वॉडल आणि स्मिथ असे चार नामांकित रिसीव्हर एकत्र होते. त्या वर्षी ज्यूडीचे ६८, रग्जचे ४६, वॉडलचे ४५ आणि स्मिथचे ४२ झेल झाले. चौघांत स्मिथ चौथा! यार्ड आणि टचडाउन मोजले तरी तोच क्रम शेवटचा. चेंडू एकच आणि झेलणारे अनेक. तेव्हा वाट्याला येणारी संधी थोडी असणारच. पुढे या चौघांनाही व्यावसायिक संघांनी निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलले.

तिसऱ्या वर्षी स्मिथ उजळून निघाला. मिसिसिपी विद्यापीठाविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने ११ झेल, २७४ यार्ड आणि ५ टचडाउन नोंदविले. त्या हंगामानंतर ज्यूडी आणि रग्ज यांनी व्यावसायिक खेळाची वाट धरली. स्मिथलाही तसे करता आले असते. परंतु तो चौथ्या वर्षासाठी विद्यापीठातच राहिला. २०२० च्या ऑक्टोबरात वॉडल जायबंदी झाला आणि स्मिथवरील भार वाढला. येथे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे की, ११७ या आकड्यात सहकाऱ्यांच्या गैरहजेरीचा आणि मॅक जोन्सच्या अचूक फेकीचाही वाटा आहे. तथापि संधी आली तेव्हा पेलण्याची तयारी मात्र त्याची स्वतःची होती.

त्या हंगामात संघाने तेराही सामने जिंकले. स्मिथला हाइजमन पारितोषिक मिळाले. १९९१ मधील डेस्मंड हॉवर्डनंतर हा मान कोणाही वाइड रिसीव्हरला मिळाला नव्हता. ११ जानेवारी २०२१ रोजी ओहायो स्टेटविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने पूर्वार्धातच १२ झेल, २१५ यार्ड आणि ३ टचडाउन केले. उत्तरार्धाच्या आरंभी बोटास दुखापत झाल्याने त्याला बाहेर जावे लागले. अलाबामाने ५२–२४ असा सामना जिंकला.

त्याचे वजन सुमारे १७० पौंड, म्हणजे ७७ किलोग्रॅम. धिप्पाड गड्यांच्या त्या खेळात हे किरकोळच. पारितोषिक स्वीकारताना त्याने आपल्याहून लहान मुलांना उद्देशून सांगितले की, अंगापिंडाने थोर नसलात तरी नेट सोडू नका; माझ्या चणीवरून माझ्याविषयीही पुष्कळांनी शंका घेतली होती.

आणखी एक गोष्ट तक्त्यात कोठेच नाही. चेंडू सोबत्याकडे असताना रिसीव्हरने प्रतिपक्षाच्या गड्याला अंगावर घेऊन सोबत्यास वाट करून द्यावयाची असते. या कामाला झेल नाही, यार्ड नाही, टाळ्याही क्वचितच. स्मिथ ते मनापासून करीत असे आणि जाणकार त्याची वाखाणणी करीत.

वाचकहो, आपल्या घरातील मुलाची किंवा मुलीची आजची ओळ कदाचित आठ झेलांची असेल. कदाचित चौघा भावंडांत ते चौथेही असेल. त्या ओळीखाली निकालाची रेघ ओढण्याची घाई करू नये. त्याला संधी किती मिळाली, ते कोणासाठी वाट मोकळी करून देत आहे, आणि कालच्याहून आज पुढे आहे की नाही, हे आधी विचारावे. तक्त्याच्या पुढील ओळी अजून लिहावयाच्या आहेत.