कमानीवरचे नाव

गोव्यातील प्रवाशांसाठी आता असा कार्यक्रम आखून देणारे भेटतात की, सकाळी मंगेशी व शांतादुर्गा यांचे दर्शन, दुपारी मसाल्याची बाग आणि सायंकाळी एखाद्या लहान मद्यशाळेत बिअरची चाखणी. या साऱ्यास मिळून ‘संस्कृती’ हे एकच नाव दिले जाते. त्या नावालाच आमची हरकत आहे.

न पाहता निंदा करणे आम्हांस मान्य नाही. म्हणून अशी एक मद्यशाळा आम्ही मुद्दाम पाहून आलो. मोड आणून वाळविलेले जव भरडून सुमारे ६५ अंश सेल्सियस उष्ण पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा दाण्यातील पिष्टाची साखर होते. तो रस गाळून हॉप्सच्या फुलांसह उकळतात. त्यातून बिअरला कडवटपणा येतो. मग रस निववून त्यात यीस्ट सोडतात आणि साखरेचे मद्य होते. अखेरीस फिकट पिवळ्यापासून थेट काळ्या रंगापर्यंतच्या बिअरचे चिमुकले पेले ओळीने मांडले जातात. आमच्यापैकी एकाने ते चाखले, दुसऱ्याने हात जोडून नाकारले. तो ज्याचा त्याचा विवेक. तेथील स्वच्छता व कारागिरांची दक्षता वाखाणण्याजोगी होती, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कायद्याने चाललेल्या व्यवसायाशी आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते देवळाच्या प्रांगणात. जत्रा जवळ आली की महाद्वारापुढे कमान उभी राहते आणि तिच्यावर एखाद्या मद्याचे नाव झळकते. खाली बारीक अक्षरांत ‘सोडा’ असे लिहिलेले असते. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमावलीने मद्याच्या जाहिरातीस मज्जाव केला, तेव्हापासून सोडा आणि पाण्याच्या बाटल्या हा या व्यापाराचा बुरखा झाला आहे. बुरख्याआड कोण आहे, हे शाळकरी पोरासही कळते. मग ते देवस्थानाच्या समितीस कळत नाही, असे कोणी मानावे?

२०१२ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरी एका मद्यशाळेने कालीमातेच्या नावाची बिअर काढण्याचे योजिले, तेव्हा हिंदूंनी निषेध केला आणि ती बाजारात आणणे लांबणीवर टाकावे लागले. निषेध योग्यच होता. परंतु सातासमुद्रापलीकडे बाटलीवर देवीचे नाव दिसले की आपला संताप होतो, आणि आपल्याच देवीच्या दारावर बाटलीचे नाव लागले की आपण त्याखालून पालखी नेतो! हा कोठला न्याय?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: ‘आपल्याकडे राखणदारालाही सोरो ठेवतातच ना?’ होय, ठेवतात. आणि त्या चालीची लाज बाळगण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. तो नवस बोललेल्या माणसाचा आणि गावाच्या रक्षकाचा व्यवहार आहे. त्यात विक्री नाही. काजूच्या हंगामात बोंडू मळून, रस आंबवून फेणी गाळणारा भट्टीवालाही आपल्या गावचाच. त्याच्या फेणीस २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तरी त्याने कधी देवापुढे स्वतःच्या नावाची कमान मागितली नाही. देवाला दिलेले आणि देवाच्या नावावर विकलेले यांतील भेद त्याला उमगतो. तो सुशिक्षित समितीस उमगू नये, हे नवल होय.

‘पैसा कोठून आणावा?’ हा दुसरा प्रश्न. दारूकामाचा खर्च, नाटकाच्या मंडपाची रोषणाई, ध्वनिवर्धकांचे मनोरे यांना पैसा लागतो, हे खरे. देवाच्या उत्सवास मात्र दिवे, फुले, नैवेद्य आणि चार खांदे पुरतात. महाजनांच्या वर्गणीत जेवढे बसेल तेवढेच करावे. रोषणाई थोडी उणी झाली तर देवाचे काही बिघडत नाही.

१९३३ च्या देवस्थान कायद्याने गोव्यातील देवळांचा कारभार महाजनांच्या हाती ठेवला आहे. तेव्हा बाहेरच्या कोणाकडे तक्रार करण्याचे कारण नाही. येत्या सर्वसाधारण सभेत एकाने उठून ठराव मांडावा, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे: मद्याचे नाव, मग ते सोड्याचे असो वा पाण्याचे, देवस्थानाच्या हद्दीत लागणार नाही. ज्यास मद्यशाळा पाहावयाची असेल त्याने खुशाल जावे. तिने आपल्या देवळापर्यंत चालत येऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.