खेळातलं घर आणि फाईलमधलं घर

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्या आज्या-पणज्या म्हणत आल्या. दोन्हीत माणूस किती पिळून निघतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आज मात्र सातवी-आठवीतली मुलगी शाळेतून येते, दप्तर टाकते, मोबाईल हातात घेते आणि दिवेलागणीच्या आत घर बांधून मोकळी होते! दोन मजली घर, गच्चीवर झोपाळा, मागे तळं, खिडक्यांना जांभळे पडदे. आई स्वयंपाकघरातून ओरडते, ‘‘अगं, काय चाललंय तुझं?’’ उत्तर येतं, ‘‘थांब ना गं, घर लावतेय!’’ आणि इकडे खऱ्या घरात हिच्या वह्या पलंगभर पसरलेल्या.

मैत्रिणींनो, हसू येतं खरं. पण हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निदान आमच्या आचोळ्यात तरी नाही. का, ते पुढे सांगते.

आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ. इंटरनेटवर काही खेळ असे असतात की त्यात आपण एक पात्र व्हायचं आणि त्याच्या नावाने एका मोठ्या काल्पनिक जगात वावरायचं. त्याच जगात देशोदेशीचे हजारो लोक त्याच वेळी वावरत असतात. लढाया असतात, व्यापार असतो आणि घरंही असतात. हे काही कालपरवाचं खूळ नाही. ‘अल्टिमा ऑनलाइन’ नावाचा असा खेळ १९९७ साली अमेरिकेत आला. त्यात घर बांधायला जागा मोजकी होती. ती भराभर संपली आणि मग लोक खेळातली घरं खऱ्या डॉलरला इंटरनेटवर विकायला लागले. विटा नाहीत, वाळू नाही, तरी घराचा भाव चढला! जागा कमी आणि माणसं जास्त झाली की काय होतं, हे विरार लोकलने रोज ये-जा करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

‘फायनल फँटसी फोर्टीन’ या जपानी खेळाची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. त्यात लहान, मध्यम, मोठे असे प्लॉट असतात आणि ते मोजकेच असतात. जागेवर इतकी झुंबड उडायची की एप्रिल २०२२ पासून कंपनीने चक्क सोडत सुरू केली. अर्ज भरायचा, खेळातलं चलन अनामत ठेवायचं आणि निकालाची वाट बघायची. आपल्या म्हाडासारखंच की! बरं, घर लागलं म्हणजे सुटलो असंही नाही. मालक ४५ दिवस त्या घरात फिरकला नाही, तर घर आपोआप पाडलं जातं आणि जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते. २०२० मध्ये करोना आला, तेव्हा लोकांवर संकट आहे म्हणून कंपनीने ही पाडापाडी काही काळ थांबवली होती. याउलट ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ साली सुरू झालेल्या खेळात घरं यायला वीस वर्षं लागली. पण ती जाहीर करतानाच कंपनीने सांगितलं की ज्याला घर हवं त्याला ते मिळेल, सोडत ठेवणार नाही.

आपल्याकडची मुलं जास्त करून खेळतात ते ‘माइनक्राफ्ट’ आणि ‘रोब्लॉक्स’. एकात ठोकळ्यावर ठोकळा रचून घर उभारायचं. दुसऱ्यात हजारो छोटे खेळ आहेत आणि त्यातल्या कितीतरींत घर घेणं, सजवणं हाच मुख्य उद्योग.

आता यात वाईट काय? मला विचाराल तर घर मांडण्याच्या हौशीत काहीच वाईट नाही. आपण भातुकली मांडलीच ना? पाट उभा करून भिंत, आईची जुनी साडी टांगून दार आणि नारळाच्या करवंटीत भात. दिवाळीत पोरं किल्ला करतात, मातीवर अळीव पेरून हिरवळ उगवतात, मावळे कुठे आणि महाराज कुठे यावरून भांडतात. आमच्या वसईत नाताळात घरोघरी येशूजन्माचा गोठा सजतो, त्यातही मुलांचीच धांदल. छोटं जग आपल्या हाताने मांडावं ही ओढ माणसाला जन्मजात आहे. मांडताना मूल जागेचा अंदाज घेतं, रंग जुळवतं, काय परवडेल याचा हिशेब करतं.

शिवाय आणखी एक गोष्ट बघा. आपल्याकडे वन आरकेत पाच-सहा माणसं राहतात. मुलगी वयात येते, पण तिला कपडे ठेवायला कपाटातला एक कप्पा मिळाला तरी नशीब. स्वतःचं दार, स्वतःची कडी, भिंतीला आपल्या आवडीचा रंग हे तिला कुठे मिळणार? बचत गटातल्या एका ताईंची नववीतली मुलगी मला म्हणाली, ‘‘मावशी, खेळातल्या माझ्या खोलीत मी सांगेन तोच येतो.’’ या एका वाक्यात तिचं सगळं मन आलं. म्हणून ‘मोबाईल फेकून देईन’ असं ओरडण्याआधी आपण त्या खोलीत जरा डोकावून बघावं. मुलीला काय हवंय, ते तिथे मांडून ठेवलेलं असतं.

तरीही तीन प्रश्न मात्र विचारायलाच हवेत. हे घर नेमकं कुणाचं आहे? त्याला एकूण किती पैसे गेले? आणि ते कोण, कधी काढून घेऊ शकतं?

खेळातल्या घराची उत्तरं ऐका. घर कंपनीचं. आपल्याला फक्त वापरायची मुभा. खाली जो लांबलचक करार असतो आणि जो न वाचताच आपण ‘मान्य आहे’ म्हणून बोट टेकवतो, त्यात बहुतेक वेळा हेच लिहिलेलं असतं. पैसेही दिसतात त्याहून जास्त जातात. खेळ फुकट, पण सोफा हवा तर खेळातलं चलन हवं आणि ते चलन खऱ्या रुपयांनी घ्यायचं. शंभर इथे, दीडशे तिथे, आणि मुलांना पैसे गेल्यासारखं वाटतच नाही, कारण हातातून नोट जात नाही. आणि तिसरं, कंपनीने खेळ बंद केला की घर गेलं. फेसबुकवरची ‘फार्मव्हिल’ आठवते? २००९ साली आलेली ती शेती कितीजणींनी पहाटे उठून राखली होती! ३१ डिसेंबर २०२० ला मूळ खेळ बंद झाला आणि गोठे, कुंपणं, फुललेली शेतं सगळी एका रात्रीत पुसली गेली. मुलांच्या ‘क्लब पेंग्विन’ खेळातली बर्फाची घरंही मार्च २०१७ मध्ये अशीच गेली.

खेळातलं घर गेलं तर मूल दोन दिवस रुसेल आणि विसरेल. पण हेच तीन प्रश्न खऱ्या घराबाबत विचारायचे राहिले तर काय होतं, ते आचोळ्याने डोळ्यांनी पाहिलं आहे.

नालासोपारा पूर्वेला आचोळे गावाच्या हद्दीत ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. सुमारे साठ एकरांची ही जागा विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचरा डेपो यांसाठी राखीव होती. तिच्यावर २००९ पासून मजल्यावर मजले चढत गेले, खोल्या विकल्या गेल्या, लोक राहायला आले. वास्तुशांती झाल्या, दारावर तोरणं लागली, मुलांच्या शाळा जवळ म्हणून बायका समाधानाने राहिल्या. कुणी गावाकडची जमीन विकली होती, कुणी दागिने मोडले होते. ८ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने या सगळ्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही दिलासा मिळाला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकाम सुरू झालं आणि २० फेब्रुवारी २०२५ पर्यंत शेवटची इमारतही जमीनदोस्त झाली. दोन हजारांवर कुटुंबांचं छप्पर गेलं. ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलं सामानाच्या ढिगाशेजारी बसून अभ्यास करत होती. खेळात घर पाडलं तरी आतलं सामान काही दिवस सोडवून घेता येतं. इथे भिंतीत बसवलेलं कपाट आणि ओट्याची फरशी ढिगाऱ्यातच राहिली.

न्यायालयाचा आदेश चुकीचा होता असं मी म्हणत नाही. राखीव जागेवर बांधकाम होऊ दिलं तर शहराचं सांडपाणी जाणार कुठे? आणि बेकायदा इमारत म्हणजे फक्त कागदाचा दोष नसतो, त्यात जीव जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ जण गेले. माझं म्हणणं एवढंच की बांधणाऱ्याने पैसे केले, पंधरा वर्षं ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं नाही, आणि शिक्षा मात्र आधी भोगली ती चूल पेटवणाऱ्या बाईने. सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणात २०२५ मध्ये छापे घातले, अटकाही झाल्या, हे चांगलंच झालं. पण त्याने गेलेलं घर परत येत नाही. ज्यांनी घामाचे पैसे भरले, त्यांच्या निवाऱ्याचा विचार शासनाने करायलाच हवा. पाडकामाचा जेसीबी ज्या तत्परतेने येतो, ती तत्परता पहिला पाया खणताना का दिसत नाही, हा प्रश्न आपण बायकांनी प्रत्येक निवडणुकीत विचारला पाहिजे.

आणि तोवर आपलं आपण काय करायचं? ‘रजिस्ट्रेशन झालंय, लाईट बिल येतंय, घरपट्टी भरतोय, मग काय प्रॉब्लेम?’ हे वाक्य मी आजवर कितीदा ऐकलं असेल! बायांनो, नीट ऐका. दुय्यम निबंधकाकडे करार नोंदवला म्हणून इमारत कायदेशीर ठरत नाही. घरपट्टी तर बेकायदा बांधकामालाही लागते. बघायचं ते हे : सातबारा आणि जमीन बिगरशेती झाल्याचा आदेश, विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे का, महापालिकेची बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ओसी म्हणतात ते. आठपेक्षा जास्त फ्लॅट असलेली नवी योजना असेल तर महारेरा क्रमांक, आणि तो बिल्डरच्या पत्रकावर न बघता महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन बघायचा. कारण कागदही खोटे निघतात. २०२३ मध्ये विरारमध्येच ५५ इमारतींची बनावट कागदपत्रं आणि खोटे शिक्के सापडले होते. शंका असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत महापालिकेला विचारता येतं. वकिलाची फी जड वाटते, पण सोफासेटपेक्षा ती नक्कीच कमी असते.

आणि हो, कागदावर नाव कुणाचं? महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घरामागे वीस हजार रुपये वाचतात. तरी कितीतरी घरांत पडद्याचा रंग आई ठरवते आणि कराराच्या कागदावर तिची सहीसुद्धा नसते. मुलगी खेळात तरी स्वतःच्या नावाने घर घेते! हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

मुलांच्या खेळाबाबतही नियम साधेच ठेवावेत. मोबाईलवरच्या खरेदीला पासवर्ड लावावा आणि तो आईजवळ असावा. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. खेळावर महिन्याला किती खर्च करायचा ते मुलांबरोबर बसून ठरवावं आणि वहीत लिहावं. नाव, शाळा, पत्ता, फोटो खेळातल्या ‘शेजाऱ्यां’ना द्यायचा नाही, आणि घरात फक्त ओळखीच्यांनाच प्रवेश अशी सोय असेल तर ती चालू करावी. सेफ्टी डोअरच्या भिंगातून बघितल्याशिवाय आपण दार उघडतो का? तसंच हे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण घर सजवायचे खेळ त्या प्रकारात येत नाहीत. तिथे राखण आपल्यालाच करायची आहे.

येत्या रविवारी दुपारची भांडी आवरली की एक काम करा. मुलीला म्हणा, ‘‘चल, दाखव मला तुझं घर.’’ ती आनंदाने दाखवेल. पडद्यांचं कौतुक करा, झोपाळा छान लावलाय म्हणा, आणि मग ते तीन प्रश्न सहज विचारा. त्यानंतर कपाटाच्या वरच्या कप्प्यातली आपल्या खऱ्या घराची फाईल खाली काढा. इंडेक्स टू कुठे आहे, ओसी आहे की नाही, नाव कुणाचं आहे, हे मायलेकींनी मिळून वाचा. काही कागद कळला नाही तर त्याची यादी करा आणि सोमवारी महापालिकेत नाहीतर वकिलाकडे जा. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर शेजारणीला बरोबर घ्या. कागद तिलाही बघायचाच असेल.