गरज सरो, वैद्य मरो?

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने ७ जुलै २०२५ रोजी असे जाहीर केले की, सप्टेंबरअखेर खात्यातील सुमारे ३० हजार माणसे कमी होतील. मार्चमध्ये बाहेर फुटलेल्या अंतर्गत टिपणात हाच आकडा ८० हजारांच्या घरात होता. तेव्हा मोठे संकट टळले, असे म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा. आम्हांस तो होत नाही.

खात्याचे म्हणणे असे की, ही सामुदायिक छाटणी नव्हे. माणसे निवृत्त होत आहेत, स्वेच्छेने राजीनामे देत आहेत. शिवाय २०२५ मध्ये साडेतीन लाखांवर अत्यावश्यक पदे भरतीबंदीतून वगळलेली होती. हे मान्य केले तरी छाटणीत कोणी जावे हे निदान सरकार ठरविते. गळतीत ते जाणारा ठरवितो, आणि ज्याला बाहेर सहज काम मिळते तोच आधी उठतो. रुग्णालयात असा माणूस म्हणजे अनुभवी परिचारिका किंवा मानसोपचारतज्ज्ञ. राहिले कारकून. त्यांना फालतू समजणाऱ्यांनी २०१४ मधील फिनिक्सचे प्रकरण आठवावे. तेथे लांबलेल्या प्रतीक्षायाद्या दडविण्यात आल्या, यादीत नाव असतानाच काही सैनिक मरण पावले आणि खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना पद सोडावे लागले. तपासणीची तारीख मिळणे हाही उपचाराचाच भाग असतो!

खात्याच्याच महानिरीक्षकांचा ऑगस्ट २०२५ चा अहवाल बोलका आहे. १३९ आरोग्यसंस्थांनी मिळून तीव्र तुटवड्याच्या ४,४३४ नोंदी केल्या. एका वर्षात ही वाढ ५० टक्क्यांची. ९४ टक्के ठिकाणी डॉक्टरांची, ७९ टक्के ठिकाणी परिचारिकांची तीव्र उणीव आढळली. खात्याने या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आहे. पण ही पाहणी जुलैच्या घोषणेपूर्वीची, हे विसरून चालणार नाही.

आणि हे घडले केव्हा? व्हिएतनाममधील विषारी फवारा व इराक-अफगाणिस्तानातील जळत्या खड्ड्यांचा धूर ज्यांच्या शरीरात गेला, त्यांच्या उपचाराचा हक्क २०२२ च्या कायद्याने विस्तारल्यानंतर! ऋण कबूल करावयाचे आणि ते फेडणारे हात कमी करावयाचे, हा कोणता हिशेब? मंत्री डग कॉलिन्स सेवेवर परिणाम होणार नाही असे सांगतात. तसे असेल तर प्रत्येक रुग्णालयातून किती परिचारिका गेल्या, किती आल्या आणि रुग्णाला किती दिवस थांबावे लागले, हे त्यांनी दरमहा छापून दाखवावे.