कुंडीतील माती आणि डोंगर

पावसाने निरोप घेतला आणि तुळशीच्या लग्नाची चाहूल लागली, की गोव्यातील शहरांतल्या गच्च्यांवर व सज्जांत कुंड्या रिकाम्या होऊ लागतात. भेंडी, दोडकी, काकडी यांचा हंगाम सरलेला असतो. तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची यांची तयारी करावयाची असते. बेळगावहून येणाऱ्या भाजीच्या ट्रकांकडे डोळे लावून बसणाऱ्या या प्रदेशात हा उद्योग सर्वथा स्वागतार्ह होय. परंतु खेदाची बाब अशी की, जुनी माती ‘कस गेला’ म्हणून गटाराच्या कडेला लोटली जाते आणि तांबड्या मातीचे नवे पोते विकत आणले जाते. हे पोते कोठून येते, याचा विचार कितीजण करतात?

अनेकदा ते कापलेल्या डोंगराच्या कुशीतून येते. डोंगरकापणीविरुद्ध आपण सभा भरवितो. परवान्यावाचून डोंगर कापू नये असा कायदाही आहे. एका पोत्याने डोंगर सपाट होत नाही हे खरे. परंतु मागणी वाढते ती पोत्यापोत्यानेच. ज्या मातीचा इंचभर थर तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात, ती आपण एका हंगामासाठी वापरून टाकून द्यावी, हा कोणता व्यवहार?

वस्तुतः कुंडीतील माती थकते, मरत नाही. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलताना तिच्यातील नत्र व पालाश झिरपून जातात, सेंद्रिय अंश कुजून संपतो आणि ती घट्ट बसते. यावरील उपाय घरचेच आहेत. माती मोकळी करून जाड मुळे काढावीत व चार दिवस ऊन द्यावे. मग दोन भाग मातीत एक भाग चांगले कुजलेले शेणखत अथवा कंपोस्ट, मूठभर निंबोळी पेंड, चिमूटभर राख व थोडा नारळाचा भुसा मिसळून पंधरा दिवस ओलसर ठेवावे. एखाद्या कुंडीत अळसांदे लावल्यास त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधून ठेवतात. पीक निघाल्यावर ती मुळे मातीतच राहू द्यावीत.

सावधगिरी मात्र हवी. वांगी, मिरची, टोमॅटो ही एकाच कुळातील पिके. त्यांच्यापैकी एखादे झाड हिरवेगार असतानाच कोमेजून मेले असेल, तर त्या मातीत या कुळातील दुसरे पीक घेऊ नये. ती बाजूला ठेवून एप्रिल-मेच्या उन्हात, ओलसर करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवावी. रोगजंतू त्यामुळे पुष्कळ कमी होतात.

नगरपालिकांनीही ओल्या कचऱ्याचे चांगले खत नागरिकांना वाजवी दरात व सहज मिळेल अशी व्यवस्था केली पाहिजे. खत घरापर्यंत पोहोचले, तर मातीचे पोते विकत घेण्याचे कारणच उरणार नाही.

यात नवे असे काहीच नाही. आपल्या कुळागरांतील माती पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे. पाचोळा व शेण घालून ती जोपासली गेली. दारच्या वृंदावनातील मातीही आपण कधी गटारात ओतीत नाही. तोच आदर सज्जातील वांग्याच्या कुंडीला मिळाला, तर डोंगराच्या कुशीवरील एक घाव तरी चुकेल.