विश्लेषण : ॲम्प्लिफायर हजार वॅटचा की दहा वॅटचा? घरी बांधताना काय पाहावे?

लग्न असो, हळद असो की गणपती, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ‘बॉक्स’ लागल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. तो आवाज ऐकतच अनेक मुले सोल्डरिंग हातात घेतात आणि स्वतःचा ॲम्प्लिफायर बांधायला बसतात. ही हौस चांगलीच आहे. पण तिची सुरुवात बहुधा ‘किती वॅटचा?’ या प्रश्नाने होते आणि पैसे तिथेच वाया जातात. पहिला ॲम्प्लिफायर दहा-पंधरा वॅटचाच बांधावा. त्यामागे साधा हिशेब आहे.

खोक्यावरचे ‘५००० वॅट’ खरे असतात का?

नसतात. खोक्यावर ‘पीएमपीओ’ लिहिलेले असेल तर तो आकडा कसा मोजायचा याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. विकणारा तो हवा तसा फुगवू शकतो. खरा आकडा ‘आरएमएस’ वॅटचा, म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा.

फसवणूक ओळखायला मीटरही लागत नाही. ॲम्प्लिफायर जेवढी वीज घेतो त्याहून जास्त सलग देऊ शकत नाही. भिंतीतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट मिळतात. मग त्याच सॉकेटवर चालणारे खोके ५००० वॅट कुठून आणणार? १२ व्होल्ट, ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर चालणारा ‘३०० वॅटचा’ बोर्ड तर ३६ वॅटच्या पुढे जाऊच शकत नाही.

दहा वॅटचा आवाज किती दूर जातो?

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तो फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. शंभराचे दोनशे वॅट करण्यावर घातलेला पैसा कानापर्यंत फारसा पोहोचत नाही, तो याच कारणाने.

एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ९० डेसिबल आवाज देणारा स्पीकर घेऊ. त्याला दहा वॅट दिले की तिथे १०० डेसिबल होतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १६ मीटरवर ७६ आणि १२८ मीटरवर ५८ डेसिबल उरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. थोडक्यात, पाड्यावरच्या अंगणाला दहा वॅट कमी नाहीत, जास्तच आहेत.

आवाज कमी पडत असेल तर आधी स्पीकर बदलावा. ८७ ऐवजी ९३ डेसिबलचा स्पीकर लावला की तेवढ्याच ॲम्प्लिफायरवर चौपट वॅट केल्याइतका फरक पडतो. हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून दिलेला असतो. दुकानात तो विचारला मात्र फार कमी जातो.

कोणता आयसी निवडावा?

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेला बोर्ड म्हणजे ‘४४४०’. सान्यो कंपनीचा हा आयसी गाडीतल्या टेपसाठी होता. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो दोन्ही चॅनेलना सहा-सहा वॅट किंवा ब्रिज जोडणीत १९ वॅट देतो. शिकायला तो आजही चांगला आहे.

घरात ऐकण्यासाठी टीडीए २०३० घ्यावा. सुटे भाग मोजके लागतात आणि आवाज स्वच्छ येतो. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर तो ८ ओहमच्या स्पीकरला दहा-बारा वॅट देतो.

वीज वारंवार जात असेल तर टीपीए ३११६ सारखा क्लास-डी बोर्ड सोयीचा. क्लास-एबी ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता कागदावरही ७८.५ टक्क्यांपुढे जात नाही, उरलेली वीज हीटसिंक तापवते. क्लास-डी ९० टक्क्यांच्या आसपास जातो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर घरगुती आवाजात तो चार-पाच तास सहज चालतो.

‘५२००-१९४३’ ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावून शेकडो वॅटचा बोर्ड पहिल्याच फटक्यात बांधू नये. या ट्रान्झिस्टरच्या नकला बाजारात सर्रास मिळतात. त्यातला एक फुटला की बाकीचे आणि स्पीकरही जातात.

व्होल्टेज वरखाली होत असेल तर?

आयसी जळण्याचे हे मोठे कारण आहे आणि दोष मात्र आयसीला दिला जातो. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरमधून २३० व्होल्टला रेक्टिफायरनंतर दोन्ही बाजूंना साधारण १६ व्होल्ट डीसी मिळतात. मध्यरात्री लाइनवरचा भार उतरून तीच वीज २६० झाली की ते १८ च्या वर जातात. आवाज बंद ठेवून नुसता चालू असलेला ट्रान्सफॉर्मर तर आणखी वर चढतो. टीडीए २०३० ची कमाल मर्यादा दोन्ही बाजूंना १८ व्होल्टच आहे.

जिथे वीज अशी चढते तिथे १२-०-१२ ऐवजी ९-०-९ ट्रान्सफॉर्मर लावावा. वॅट निम्म्याच्या आसपास येतात, पण आवाजातला फरक तीन-चार डेसिबलचाच असतो. आयसी मात्र टिकतो. १२-०-१२ च लावायचा असेल तर २२ व्होल्टची मर्यादा असलेला टीडीए २०३०ए घ्यावा.

कशाला हयगय चालत नाही?

फ्यूज आणि अर्थिंग. फ्यूज ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला हवा आणि पत्र्याची पेटी अर्थला जोडलेली हवी. नवा बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर जोडणी बहुधा ठीक आहे. लख्ख पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब तेवढा जळतो, बोर्ड वाचतो. वीज बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले असतात, त्यांना लगेच हात लावू नये.

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत पिना आणि स्विच लवकर गंजतात. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवू लागले, हेही विसरून चालणार नाही. जड ट्रान्सफॉर्मर आणि बॉक्स डोक्यावरच्या फळीवर ठेवू नयेत.

तारप्यासाठी वेगळे काय लागते?

दुधीभोपळा, बांबू आणि ताडपत्रापासून बनणारा तारपा मैदानात मधोमध वाजतो आणि फेर त्याच्याभोवती फिरतो. नाचणाऱ्यांना तो मुळातच ऐकू येतो. ध्वनिक्षेपक लागतो तो दूर बसलेल्यांसाठी. तारप्याचा सूर सलग असतो. ॲम्प्लिफायर ताकदीपलीकडे ताणला की सूर कापला जातो आणि तारपा नुसता चिरका होतो. इथे उपयोग होतो तो माइक जवळ धरण्याचा, बॉक्स माइकच्या पुढे ठेवण्याचा आणि व्हॉल्यूम निम्म्यावर थांबवण्याचा. शेजारी डीजे लागला की मात्र हे सारे व्यर्थ. वॅटची स्पर्धा आपल्याच वाद्याच्या मुळावर येते ती अशी.

तयार स्पीकर स्वस्त मिळत असताना बांधायचाच कशाला?

पैसे वाचवायला बांधत असाल तर बांधू नका. तयार ब्लूटूथ स्पीकर बहुतेक वेळा स्वस्तच पडतो. पण तो बिघडला की बहुधा फेकावा लागतो. घरी बांधलेला ॲम्प्लिफायर उघडता येतो, आयसी बदलता येतो. त्यातून मल्टिमीटर हातात येतो आणि पाड्यावरचे बंद पडलेले पंखे, मिक्सर, चार्जरही दुरुस्त होऊ लागतात.

डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ पासून येते. विरारला गाडी बदलली की ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड. तलासरीकरांना महामार्गाने वापी जवळ. सामान मिळण्याची अडचण नाही. भाड्याने देण्यासाठी कर्ज काढून हजार वॅटचा संच घेण्याआधी, दहा वॅटचा एक ॲम्प्लिफायर स्वतः बांधून वर्षभर चालवून पाहावा. तो न जळता चालला, तर मोठा कधी आणि खरोखर हवा का, हे मग बांधणाऱ्याचे त्यालाच कळते.